कटरेजींची उसना कॉफी

आमच्या शेजारच्या कटरेजींनी एकदा कॉफीचा उसना केला होता.

ज्यांना उसना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग मिलमध्ये घालतात. तो उसना तांदूळ, आणि तो टिकतो. कटरेजी राईस मिलमध्ये तीस वर्षं हेड मिस्त्री होते. कर्नाटकातून पार्सलनं मागवलेल्या कॉफीच्या हिरव्या बिया हातात आल्याबरोबर त्यांनी ठरवून टाकलं, टिकवायच्या म्हणजे उसनाच. बिया भिजल्या, वाफवल्या गेल्या, गच्चीवर वाळल्या. मग मिलच्या रिवाजाप्रमाणे कटरेजींनी एक दाणा दाढेखाली धरला. धान नीट वाळलं असेल तर ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज आला, पण तो दाढेचा होता.

“पक्की वाळली, मॅडम,” गालाला फडकं बांधून ते मला म्हणाले.

त्या कॉफीचा पहिला कप माझ्याच वाट्याला आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझी जीभ खोटं बोलायला तयार होत नाही. म्हटलं, “कटरेजी, ओलं बारदान उकळल्यासारखी लागते.” दुसऱ्या कोणाला राग आला असता. कटरेजींनी गंभीरपणे मान हलवली, “बारदान. बरं,” म्हणाले आणि नव्या बिया मागवल्या.

हा सगळा खटाटोप इमर्जन्सीसाठी. पूर, वादळ, रस्ता बंद, लाईट बंद, यांपैकी काहीही कधीही येऊ शकतं असं कटरेजींचं ठाम मत. इतकंच असतं तर मी हसले नसते. पण माणूस अशा वेळी तांदूळ साठवतो, मीठ साठवतो, काडेपेटी साठवतो. कॉफी कोण साठवतं?

“कायले म्हणता?” ते चिडून म्हणाले. “तांदूळ तर सगळेच ठेवतेत. घाबरलेल्या माणसाच्या हातात कच्चा तांदूळ द्यान का? गरम कप दिला का माणूस बसते, फुंकते, बोलाले लागते. तयारी पायजे, मॅडम, तयारी!”

तयारी चढत गेली. बिया आता उसना न करता, तशाच हिरव्या घट्ट झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये गेल्या. (त्यात एकदा कडुनिंबाचा पाला घालून झाला होता. त्या चवीबद्दल मी लिहीत नाही.) भाजायला लोखंडी कढई आणि कोळशाची शेगडी आली. दळायला जातं, गाळायला दोन पितळी डब्यांना मिलच्या ड्रिलनं भोकं पाडून केलेला फिल्टर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव व्हायचा. सकाळी कटरेजी घराचा मेन स्विच स्वतःच बंद करत, शिट्टी फुंकत आणि अंगणात शेगडी पेटवत. “टीव्ही पाहून राहिली होती ना जी मी!” अशी कटरेवहिनींची हाक आली की सराव सुरू झाला असं आम्ही समजायचो.

हळूहळू कॉफी सुधारली. बियांच्या तडतडण्याकडे कान कसा द्यायचा आणि कढई कधी उतरवायची हे त्यांना कळायला लागलं. पण गावाला काय त्याचं? आमचं गाव चहाचं. लोक घोट घ्यायचे, ‘काढा चांगला आहे’ म्हणायचे आणि घरी जाऊन चहा प्यायचे. कटरेजींना एवढंच लागून राहिलं होतं.

“जमली का नाई, हे सांगणारं जाणकार माणूस पायजे ना जी एक,” ते मला म्हणायचे. “तुमी नुसतं ‘बारदान नाई’ एवढंच म्हणता. त्यानं का होते?”

मग या मे महिन्यात पहाटे वादळ आलं. आमचं स्टेशन बल्लारशाकडे जाणाऱ्या लाईनवर. दक्षिणेतून आलेली एक लांबची गाडी सकाळी आमच्या स्टेशनात येऊन थांबली ती थांबलीच, कारण पुढे तारेवर झाडं पडली होती. गावात वीज नाही. प्लॅटफॉर्मवरच्या एकुलत्या एक टपरीचं छप्पर उडून शेतात गेलेलं. गाडीतलं खाणंपिणं कधीच संपलेलं. पोरं रडत होती, माणसं एकमेकांवर खेकसत होती.

आणि शिट्टी वाजली.

पहिला रविवार नव्हता. कटरेजी हातगाडीवर ड्रम, शेगडी, कढई, जातं सगळं लादून स्टेशनकडे निघाले होते. चेहरा असा फुलला होता की मला लाज वाटली. म्हटलं, “अहो, लोक अडकलेत. जरा तरी वाईट तोंड करा.”

“वाईट वाटूनच राहिलं मले,” ते म्हणाले आणि हातगाडी आणखी जोरात ढकलायला लागले.

प्लॅटफॉर्मवर कोळसे पेटले, बिया कढईत पडल्या. वाफ झाली, धूर झाला, आणि मग तो वास सुटला. तो डब्याडब्यांतून गेला असणार, कारण खिडक्यांतून डोकी बाहेर यायला लागली. गावातले आजवर हसणारे लोक आता कासंडीभर दूध घेऊन पळत आले. मी दळायला बसले. कटरेवहिनींनी साखर आणली, वर “हळू ओता जी, हळू!” म्हणून नवऱ्यावर ओरडायचं कामही घेतलं.

गर्दीतून एक म्हातारी बाई पुढे आली. नाकात दोन्हीकडे चमकी, म्हैसूरकडची असावी. तिनं कढईत डोकावून पाहिलं, फिल्टर उलटा करून भोकं तपासली. कटरेजी वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे हात मागे बांधून उभे. बाईनं कप घेतला. वास घेतला. एक घोट, मग दुसरा. मी दळणं थांबवलं. वहिनी ओरडायच्या थांबल्या.

बाईनं रिकामा कप पुढे केला. “एक और,” म्हणाली. “अच्छा है। घर जैसा।”

प्लॅटफॉर्मवर टाळ्या पडल्या. खरं सांगते, मीच सुरू केल्या. दुपारपर्यंत अख्ख्या गाडीनं कॉफी प्यायली. ‘काढा’ म्हणणारे आमचे गाववाले रांगेत दुसऱ्यांदा उभे राहताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ड्रमचा तळ लागला.

मला वाटलं, आता कटरेजी छाती काढून गावभर फिरतील. पण त्यांनी हात पुसले, खिशातून मोबाईल काढला आणि त्या बाईजवळ जाऊन हळूच म्हणाले, “अम्मा, मेरी बहू बेंगलोर में है। उसको बोल देव ना, कॉफी अच्छी है, आपकी भाषा में।”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदरानं नाक पुसलं.

“चार वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “लगन करून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी इचारलं पोरीनं, कॉफी भेटंल का म्हणून. घरात नाई, दुकानात नाई. हे गावभर फिरले. तिनं गुमान चहा पेला, चालते म्हणे. मंग पोराले सुट्टी भेटत नाई, ते आले नाई. ह्यायच्या डोक्यात बसलं, कॉफी नोती म्हणून सून येत नाई.”

अम्मा फोनवर बोलत होती. त्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. ती हसली, कपाकडे बोट दाखवलं, जणू पलीकडून दिसतच होतं. मग पलीकडचं ऐकून तिनं फोन कटरेजींच्या हातात दिला.

कटरेजींनी फोन कानाला लावला. “हाव बेटा,” म्हणाले. पुन्हा, “हाव... हाव.” बोलणं संपल्यावरही फोन कानालाच.

“रडून राहिली ना जी ती,” ते मला म्हणाले. “तिच्या आजीवानी बोलते म्हणे हे अम्मा. आजी गेली तवापासून तिच्यासाठी कोनी कॉफी केली नाई म्हणे. मी चुकलो का, मॅडम?”

  मी विचारलं, “येते का ती?”

“येते म्हणे. पुढच्या महिन्यात,” कटरेजी म्हणाले आणि प्लॅटफॉर्मवर तिथेच खाली बसले. “मी बलावलं नाई, मॅडम. सोताहूनच म्हणाली.”