साहेबांचा पाचवा फाउल

शिट्ट्या दोन वाजल्या, पण नेमक्या एकाच क्षणी, त्यामुळे मैदानावर सगळ्यांना एकच ऐकू आली. घोटाळा पुढे झाला. पंच प्रेमलाबाईंनी मूठ तळहातावर आपटली, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यानं धक्का मारला. दुसरा पंच निरंजन यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले, म्हणजे समोरच्यानं वाट अडवली.

धावणारे होते रामकृष्ण साहेब. राज्य नवं, रायपूरला राजधानी होऊन दोनच वर्षं झालेली, आणि खात्याखात्यांमधली ही पहिलीच बास्केटबॉल स्पर्धा. चौपन्नाव्या वर्षी साहेबांनी कप्तान व्हावं हा त्यांच्या कर्मचाऱ्यांचा हट्ट. निरंजन त्यांच्याच कार्यालयात कारकून. साहेबांचे चार फाउल आधीच झाले होते. पाचवा लागला की बाहेर.

निरंजन बाईंजवळ आला. "मॅडम, तुमची खूण मागे घ्या न. सोमवारी मले त्यांच्याच टेबलापुढे उभं राहायचं आहे."

"तू काहून नाही घेत?"

"मी घेतली तर साहेबच फसते."

"मंग दोघांच्याही खुणा झाल्या. दोन्ही फाउल लिहा."

दोन्ही लिहिले तरी साहेब बाहेरच जात होते. गुण लिहिणाऱ्या वनमालाताई पेन उचलून थांबल्या. आयोजक धावत आले आणि बक्षीस साहेबांच्याच हस्ते आहे, ते रुसून गेले तर काय करायचं, असं हळूच विचारू लागले. बाईंनी मूठ हलवली नाही. मग गुडघा धरून पडलेला समोरच्या संघाचा खेळाडूच उठून बसला.

"मॅडम, धक्का लगा ही नहीं. मैं अपने से गिरा."

"तू पडून राहा," बाई म्हणाल्या.

शेवटी साहेब स्वतः आले. घामानं निथळत, गुडघ्यांवर हात टेकून, ते फक्त बाईंनाच ऐकू जाईल असं बोलले.

"बाई, मूठ सोडू नका. पहिले चार फाउल मी मुद्दाम केले. दम लागून जीव चालला, पण हे पोट्टे मले बसूच देऊन नाही राहिले."

मग ते ताठ उभे राहिले, हा सरळसरळ अन्याय आहे असं चारी बाजूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, आणि सामनाभर धावले नव्हते तेवढ्या वेगानं खुर्चीकडे गेले.

वनमालाताईंनी पाचवा फाउल लिहिला. साहेबांनी बुटाच्या नाड्या सोडून पाय लांब केले. त्यांच्याकडे बघता बघता प्रेमलाबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच आपला निर्णय फिरवावासा वाटला.