दुसऱ्या वक्त्याचा अंधार

देस्मंड ट्रेवार्थानं स्वतःचं वर्णन स्वतःच लिहून बूलकारा गावच्या पोस्टाबाहेरच्या फळ्यावर लावलं होतं, कारण इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. ‘खासगी गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, थंड डोकं, स्वतःची खुर्ची. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवल्यामुळे रस्त्यावरची नजर न काढता मागच्या सीटवरचा गुन्हेगार ओळखण्याची कला अवगत. मानवी मनाचा एकही कोपरा अपरिचित नाही. मंगळवारी दुपारी बंद.’

त्याची भाची नेरिडा ॲडलेडला भौतिकशास्त्र शिकून, नोकरीच्या उत्तराची वाट पाहत मामाकडे राहायला आली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कळलं की आपण मदतनीस आहोत. पगार नव्हता, पण मामाची वाक्यं वहीत उतरवून घेण्याचा मान होता. मामानं आजवर दोन प्रकरणं हाताळली होती. पहिल्यात चर्चचा हरवलेला कचऱ्याचा डबा चर्चमागेच सापडला. दुसऱ्या प्रकरणाबद्दल मामा बोलत नसे.

तिसरं प्रकरण जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका कडाक्याच्या सकाळी चालत आलं. ग्लेनिस पॉल्किंगहॉर्न ही गावच्या हॉल समितीची अध्यक्षा. ती कुणाच्याही घरात शिरली की घरातली माणसं आपोआप पाय पुसायची.

तिनं सांगितलं ते असं. गावाबाहेरच्या टेकडीवर चौदा पवनचक्क्या उभ्या राहायच्या आहेत. त्यावर गावाचा कौल जिल्ह्याच्या परिषदेकडे पाठवायचा, म्हणून दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये सभा भरते. पहिला वक्ता बॅरी नीबोन, पवनचक्क्यांच्या विरोधात. दुसरी सास्किया ब्लाइथ, बाजूनं. आणि आजवरच्या दोन्ही बुधवारी सास्किया बोलायला उभी राहिली, पाच-सहा मिनिटं झाली, की हॉलमधले दिवे गेले. सभा उधळली. मत घ्यायचं राहून गेलं. परिषदेनं पत्र पाठवलं होतं की महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही, तर हॉलच्या किल्ल्या जबाबदार व्यक्तीकडे द्याव्यात.

“म्हणजे मेव्हिसकडून काढून घ्याव्यात,” ग्लेनिस म्हणाली. “मला वाईट वाटतं, देस्मंड. पण कुणाकडून तरी काढल्याशिवाय परिषदेला काही केल्यासारखं वाटत नाही.”

मेव्हिस रोडा एकतीस वर्षं हॉल सांभाळत होती. नवरा गेला, मुलगी पर्थला गेली, तरी हॉल कुठे गेला नाही. तिथला ओटा नवऱ्यानं बांधलेला. खुर्च्यांचे पाय तिला पायरवानं ओळखू यायचे. नेरिडाला लहानपणी सगळ्यात पहिलं मायेचं वाटलेलं माणूस म्हणजे मेव्हिसमावशी. म्हणून या प्रकरणात नेरिडानं वही स्वतःहून उघडली.

मामानं डोळे मिटले आणि पहिला सिद्धान्त मांडला. दिवे सास्किया बोलताना जातात. सास्किया गप्प व्हावी असं नीबोनला वाटतं. ज्याचा फायदा, तोच चोर.

बॅरी नीबोन हा तसा सरळ माणूस होता. गेल्या वर्षापर्यंत तो कोळशाचा भक्त होता. यंदा अणुभट्टीचा झाला होता. अणुभट्टी नेमकी कुठे, कधी, किती वर्षांत, हे विचारलं की तो विचारणाऱ्याच्या देशप्रेमाची चौकशी करायचा. वारा त्याला मुळातच आवडत नसे, कारण तो परवानगीशिवाय वाहतो. पूर्वी एकदा वादळात अख्ख्या राज्याची वीज गेली होती. ती आठवण तो दर सभेत काढून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवायचा. दिवे गेले तेव्हा तो हसत होता, असं मामा म्हणाला. नेरिडानं विचारलं, काळोखात हे दिसलं कसं. मामा म्हणाला की असली हास्यं ऐकू येतात.

सास्कियाकडे गेल्यावर सिद्धान्त फिरला. तिच्या मते सगळा दोष जुन्या, कुजक्या, कोळशावर पोसलेल्या यंत्रणेचा होता. दिवा गेला की त्यात तिला भांडवलशाहीचा शेवटचा उसासा ऐकू यायचा. स्वतःच्या घरात मात्र तिनं पाच हिटर लावले होते, कारण तिची वीज हिरवी होती आणि हिरव्या विजेला मोजमाप लागत नाही. तिच्या पिशवीत मामाला टॉर्च दिसला. बाहेर आल्यावर त्यानं दुसरा सिद्धान्त सांगितला: अन्याय झाल्यासारखं दिसावं म्हणून ती स्वतःच दिवे घालवते. टॉर्च कशाला बाळगते नाहीतर? नेरिडानं त्याच्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. मामानं तिथला टॉर्च काढून पाहिला आणि म्हणाला, “हा तपासाचा आहे.”

मग हॉलची पाहणी झाली. वीज जोडणीचा स्विच मागच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला. दोन्ही वेळा तो पडलेला सापडला आणि वर केल्यावर दिवे परत आले. स्वयंपाकघरात मेव्हिस कप पुसत बसली होती. ओट्यावर दोन नव्या वस्तू चमकत होत्या. एक चाळीस लिटरचा चहाचा विजेचा बंब. त्यावर पितळी पट्टी: पवनचक्क्यांच्या कंपनीकडून बूलकाराला सप्रेम. दुसरं, पॅस्ट्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खाऱ्या करंज्या, गरम करायचं काचेचं उभं कपाट. त्यावरही पट्टी: नीबोनच्या पक्षाकडून बूलकाराला सप्रेम. पूर्वी चहा गॅसवर व्हायचा आणि मटण-बटाट्याच्या पॅस्ट्या घराघरांतून टॉवेलात गुंडाळून यायच्या. कौल जवळ आला तसा गावावर प्रेमाचा वर्षाव झाला होता.

मामा दोन्ही वस्तूंसमोर बराच वेळ उभा राहिला. नेरिडाला वाटलं काहीतरी सुचलं. तो बंबाच्या चकचकीत पोटात बघून भांग नीट करत होता.

मेव्हिसला त्यानं विचारलं, दिवे जातात तेव्हा ती कुठे असते. इथेच, ती म्हणाली. आणि काय करते? सगळी बटणं बंद करते. आईनं शिकवलं होतं, वीज गेली की आधी सगळं बंद करावं, मग मेणबत्ती शोधावी.

“बोटांचे ठसे पुसण्याची जुनी पद्धत,” मामा बाहेर आल्यावर पुटपुटला.

नेरिडानं त्याला दोन गोष्टी सांगून पाहिल्या. एक, दिवे गेले तेव्हा समोरच्या पबमध्ये उजेड होता. म्हणजे वारा, कोळसा, अणू, भांडवलशाही यांपैकी कुणाचाच संबंध नसावा, भानगड हॉलच्या आतली असावी. मामानं वहीत लिहायला सांगितलं: ‘पबवालाही कटात.’ दुसरी गोष्ट त्यानं ऐकली, कारण ती त्याला स्वतःची वाटली. तिसऱ्या बुधवारी वक्त्यांचा क्रम उलटा करायचा. एकच बदल करायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, असं कॉलेजात शिकवतात.

तिसऱ्या बुधवारी सास्किया आधी बोलली, नीट, पूर्ण अर्धा तास. मग नीबोन उभा राहिला. साडेसात वाजून सहा मिनिटांनी, ‘आपल्या मुलांच्या भविष्यासाठी’ इथे आला असता, काळोख झाला.

प्रयोग उत्तम झाला आणि निष्कर्ष गावानं काढला. नीबोनची माणसं म्हणाली, टेकडीपलीकडच्या जुन्या पवनचक्क्यांना नीबोनचा आवाज सहन झाला नाही. सास्कियाची माणसं म्हणाली, सत्य दाबण्यासाठी विरोधकांनी स्वतःचाच माणूस बळी दिला. यावरून ते किती खालच्या थराला जातात बघा. ज्या पुराव्यानं दोघांचं म्हणणं खोटं ठरलं होतं, त्याच पुराव्यानं दोघांचीही खात्री पटली. नेरिडानं वहीत एक ओळ लिहिली: उष्णता मोजता येते, मत मोजता येत नाही. मग ती मामाच्या वहीत आहे हे लक्षात येऊन खोडली.

मामाचा तिसरा सिद्धान्त आता पिकला होता. दोन्ही बाजूंचे दिवे जातात, म्हणजे गुन्हेगार कुठल्याच बाजूचा नाही. जगात सगळ्यात धोकादायक माणूस म्हणजे ज्याचं मत नाही तो. गावात मत नसलेली माणसं चार निघाली. एक आंधळी, एक परगावी, आणि एक पशुवैद्य, जो तिन्ही बुधवारी एका गाईच्या आत खांद्यापर्यंत अडकला होता. उरली मेव्हिस. तिला मामानं विचारलं होतं, पवनचक्क्या हव्यात की नकोत. ती म्हणाली होती, आधी नळाचा वॉशर हवाय.

“नाही मामा,” नेरिडा म्हणाली.

“मलाही जड जातंय,” तो म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा उतरला होता. “दर सोमवारी तिनं मला शिळा केक दिलाय. पण तर्क हा तर्क असतो, पोरी. मी चौथ्या बुधवारी सिद्ध करणार. तिला स्वयंपाकघरात जाऊच द्यायचं नाही. पुढच्या रांगेत बसवायचं. दिवे गेले तर ती निर्दोष.”

“आणि नाही गेले तर?”

त्या रात्री जेवताना मामानं सॉससुद्धा मागितला नाही.

चौथ्या बुधवारी हॉल गच्च भरला. मेव्हिसला पहिल्या रांगेत, ग्लेनिसशेजारी बसवलं होतं. एकतीस वर्षांत ती त्या खुर्च्यांवर पहिल्यांदा बसत होती. किल्ल्यांचा जुडगा तिनं मांडीवर दोन्ही हातांखाली धरला होता. स्वयंपाकघराला कुलूप होतं. नीबोन बोलला. सास्किया बोलली. साडेसात वाजून सहा मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. दिवे ढिम्म हलले नाहीत.

नेरिडाला ठाऊक होतं की हे चूक आहे, आणि का चूक आहे हे ठाऊक नव्हतं. शास्त्र शिकलेल्या माणसाला यापेक्षा वाईट जागा नाही.

मामा मंचावर गेला. आवाज खाली ठेवून त्यानं सांगितलं की मत कुणाचंही असो, पुरावा सगळ्यांना दिसला आहे. मेव्हिस आत, तर काळोख. मेव्हिस बाहेर, तर उजेड. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. ग्लेनिसनं हात पुढे केला. मेव्हिसनं जुडग्यातून स्वतःच्या घराची किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख मोडलं.

“म्हणजे आजही पॅस्टी नाही,” मागून आवाज आला.

लेस हॅड्रिक हा एक्याऐंशी वर्षांचा मेंढपाळ. तो प्रत्येक सभेला यायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ न दाखवता बसायचा, आणि त्यानं भाषण ऐकल्याचा कुणालाही पुरावा देता आला नसता. त्याला सगळ्यांनी गप्प बसायला सांगितलं.

“का बसू?” लेस म्हणाला. “चार बुधवार झाले. सात वाजता ती बाई बंब लावते. साडेसातला पॅस्ट्यांचं कपाट लावते, लाल दिवा पेटतो. मी बशी हातात घेतो. आतली पॅस्टी कोमट होते न होते तोच गडप, सगळा काळोख. आज हॉलमध्ये दिवे आहेत तर कपाट बंद. या गावात दोन्ही एका वेळी मिळायची सोय आहे का नाही, एवढंच सांगा.”

नेरिडा उठून उभी राहिली. मग वहीच्या मागच्या पानावर तिनं तीन आकडे लिहिले, बेरीज केली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. बंब अधिक कपाट अधिक हॉलचे हिटर, सगळं एकाच जुन्या स्विचवर. पेलवण्याच्या पुष्कळ पलीकडे. पण असा स्विच जादा भारानं लगेच पडत नाही, आधी तापतो. म्हणून कपाट लावल्यावर पाच-सहा मिनिटं जायची आणि कुणाला संशय यायचा नाही. त्यात मेव्हिस काळोख होताच सगळी बटणं बंद करायची, म्हणून स्विच वर केला की सगळं निर्दोष. वीज कुठून यावी यावर गाव महिनाभर भांडत होतं. ती जाते कुठे, हे पाहणारा एकच निघाला, आणि तो उपाशी होता.

ती बोलली तेव्हा दोन्ही बाजू तिच्यावर हसल्या. म्हणून स्वयंपाकघराचं कुलूप काढलं. बंब लावला. तो चांगला तापू दिला, मग कपाट लावलं. एकशे अठरा माणसं खिडकीपाशी दाटीनं उभी राहून एका लाल दिव्याकडे बघत राहिली. कुणी विचारसरणी काढली नाही. बूलकारानं कित्येक वर्षांत एकत्र, शांतपणे पाहिलेली ही पहिलीच गोष्ट होती. चौथ्या मिनिटाला लेसनं बशी घेतली. सहाव्याला काळोख झाला.

काळोखात प्रथम मामाचा आवाज आला. “मेव्हिस, मी गाढव आहे.”

“केकचं गावात ऐकलं मी,” मेव्हिस म्हणाली. “ताजाच असायचा तो.”

दिवे आले आणि भांडण नव्यानं सुरू झालं. नीबोन म्हणाला, उघड आहे, पवनचक्कीवाल्यांच्या बंबानं घोटाळा केला, तो काढा. सास्किया म्हणाली, बंब आधी आला होता, काळोख कपाटानं आणला; प्रतिगामी कपाट काढा. चहाच्या बाजूनं आणि पॅस्टीच्या बाजूनं लोक उभे राहू लागले. उपसमितीची सूचना आली. नेरिडानं जाड वायर बसवता येईल असं सांगून पाहिलं. त्यावर दोघांनीही विचारलं, ती वायर कुठल्या पक्षाची.

या गलबल्यात ग्लेनिसनं मेव्हिसला बाजूला घेऊन किल्ल्या तिच्याकडेच ठेवायला सांगितल्या, आणि तिच्या हिशेबानं ती माफीच होती. मेव्हिसनं जुडगा लगेच उचलला नाही.

“ठेवते,” ती म्हणाली. “पण यापुढे सहाला बंब, मग तो बंद. मग कपाट. सातला खाणं. भाषणं त्यानंतर.”

हे हॉलभर ऐकू गेलं. खाण्याआधी भाषण हा बूलकाराचा शतकभराचा रिवाज होता. तो मोडावा असं कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हतं. पण पोटात कावळे ओरडत होते, आणि ठराव हात वर करून, एकमतानं झाला. मामानं वहीत लिहवून घेतलं: ‘प्रकरण तिसरं, यशस्वी. पद्धत: संशयितांना उपाशी ठेवणे.’

पाचव्या बुधवारी सातच्या ठोक्याला पॅस्ट्या आल्या, वाफाळत्या, वर टोमॅटो सॉस. लेसनं तीन खाल्ल्या. चहा झाला. पावणेआठला तो उठला, टोपी घातली आणि मेंढ्यांची सबब सांगून निघाला. त्याच्यामागे बाकीचेही निघाले, कुणी गाईची, कुणी पाठदुखीची सबब सांगत. आठ वाजता हॉलमध्ये अकरा माणसं उरली, आणि कौलाला चाळीस लागत होती. पवनचक्क्यांचं पुढे काय, हे त्या दिवशीही ठरलं नाही.

नीबोन तरी बोलला. सास्कियाही बोलली, आणि मग दोघं एकाच वेळी बोलू लागले. मेव्हिसनं कप धुतले, पुसले, ओटा पुसला. दोघांना आणखी दहा मिनिटं दिली. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि तिनं किल्ल्यांचा जुडगा एकदाच वाजवला.

दोघांचीही वाक्यं अर्ध्यावर थांबली. दिवे मात्र चालू होते.