बंद घड्याळातल्या गोळ्या

"ताट वाढलंय हो!" स्वयंपाकघरातून हाक आली आणि बाहेरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत बसलेल्या काकांनी लगेच पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. कालच डॉक्टरांनी बजावलं होतं, "हे नवीन आहे, झटपट काम करतं. टोचलं की लगेच जेवायचं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरेल." काका हात धुऊन टेबलाशी बसले.

ताट होतं. ताटात काकडी होती.

"अगं, बाकीचं?"

"कुकर आत्ता चढवतेय. तुम्ही एवढ्या लवकर कसे आलात?"

काकूंचं तरी काय चुकलं? लग्नापासून काका "आलोच" म्हणत आणि हातातलं घड्याळ चालू झाल्याशिवाय उठत नसत. म्हणून काकू कुकर लावण्याआधीच हाक मारत. दोघांच्या थापा मिळून जेवण अगदी वेळेवर व्हायचं. आज काका खरं वागले आणि घोटाळा झाला.

काकूंनी गॅस मोठा केला, तर तो भकभकून विझला. सिलिंडर संपला होता. दुसरा लावायला काका उठले, पण त्यांचे हात थरथरायला लागले आणि कपाळावर घाम फुटला.

"बसा तुम्ही, साखर देते," काकू म्हणाल्या आणि मग त्यांना आठवलं. काकांना मधुमेह निघाला त्याच दिवशी त्यांनी घरातली साखर वाटून टाकली होती. "ह्यांच्यासाठी मीही गोड सोडलं," असं सगळ्या नातेवाइकांना सांगूनही झालं होतं.

अब्रू सांभाळावी की जीव, असा प्रश्न काकांना पडला. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बोट दाखवलं. "त्याच्या पोटात बघ. लिमलेटच्या गोळ्या आहेत."

जगाची घड्याळं चालू करणाऱ्या काकांना घरातलं हे एकच का जमत नव्हतं, ते उघडं पडलं. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"त्यांचा उपयोग नाही. बिनसाखरेच्या आहेत. मी केव्हाच बदलल्या."

"तरीच," काका क्षीण आवाजात म्हणाले, "हल्ली मजा येत नव्हती."

त्यांचा पांढराफटक चेहरा बघून काकूंचा जीव कळवळला. त्यांनी मुकाट्याने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आलेल्या मुठीत खऱ्या साखरेच्या गोळ्या होत्या.

काकांनी त्या कडाकडा चावल्या. हळूहळू घाम ओसरला, हात स्थिर झाले. मग त्यांनी विचारलं, "तू गोड सोडलं होतंस ना?"

"बोलू नका. चावा."

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करू लागलं आणि अडीअडचणीसाठी गोळ्यांची बरणी राजरोस टेबलावर आली. काकू अजूनही कुकर लावण्याआधीच हाक मारतात. काका आधी ताट डोळ्यांनी बघतात, मगच टोचून घेतात. पुन्हा तशी वेळ आलेली नाही, काकांनी एकाही गोळीला हात लावलेला नाही. तरी बरणी आठवड्यात रिकामी होते.

काका काही विचारत नाहीत. गुपचूप भरून ठेवतात.