लंगडीने झाडूखाना राखिला, त्याची हकीकत

सकल विद्यावंत वाचकांचे हुजुरात विदित व्हावे, की काचघराचे मुलखात विषाणू नामे गनीम उतरला, आणि चष्मेवाल्या संशोधक बाईंची चार वर्षांची मेहनत संकटात आली. त्यांच्या मार्गदर्शक मोठ्या बाई यांचे फर्मान सुटले की सोमवारपावेतो एकही रोप न सावरल्यास काचघर दुसऱ्या गटाचे हवाली करावे.

रोपाचे किल्ल्यात दोन कारखाने. एक कातरखाना: त्याने गनिमाचे आरएनए नामे खलिते पकडून बारीक तुकडे करावे, आणि तेच तुकडे नमुन्यादाखल पहारेकऱ्यांस देऊन तसले बाकी खलिते कापवावे. दुसरा झाडूखाना: त्याने पेशीतला निवडक कचरा पोत्यात भरून जिरवावा. मग गनिमाने कपटाने एक प्रथिन-सरदार आत धाडिला आणि त्याने कातऱ्याच बोथट केल्या. बाईंस वहीम आला की झाडूखाना गडबडीत कातऱ्याही झाडून नेतो, कारण अन्यत्र गनिमांनी तैसे करविल्याचे दाखले होते. सबब झाडूखान्यास कुलूप घालणारे औषध रोज सकाळी पिचकारीने पानोपानी दिले, आणि जागा नाही म्हणून तुलनेस बिनऔषधाची रांग ठेविलीच नाही. चूक मोठी, परंतु बाई हट्टास पेटलेल्या, तेथे कोण बोलणार?

रविवारी पाहतात तो तेवीस रोपे पिवळी पडून आडवी, आणि लंगडी म्हणून हिणविलेले एकच वाकडे रोप हिरवी पालवी मिरवीत उभे! बाईंनी टुणकन उडी मारिली, चष्मा बादलीत पडला, आणि तैशाच चाचपडत त्यांनी काचघर राखणाऱ्या माळीकाकांचा जबाब घेतला.

काका कान खाजवीत बोलले, “अहो ताई, ती उजेडाकडे झुकायची, म्हणून रोज सकाळी खिडकीत ठेवायचो. तुमची पिचकारी आटोपली की परत जागेवर. रागावू नका.”

“रागावू कशाला? मी ठेवली नाही ती रांग तुम्ही ठेवलीत, काका!”

मग लंगडीची पाने तपासली, तो गनिमाचा सरदारच झाडूखान्याचे पोत्यात सापडला, आणि कातऱ्यांस पुन्हा धार आलेली! म्हणजे औषधाचे कुलूप पडले ते तारणाऱ्या झाडूखान्यासच. एक रोप सावरल्याने काचघर तूर्त वाचले; तेवढ्यावर मोठ्या बाई भुलणाऱ्या नव्हेत, तरी त्यांनी तीन आठवड्यांची मुदत बहाल केली. गनीम सोडून बारा रोपे बिनऔषधाची व बारा औषधाची लाविली, त्यांत बिनऔषधाची अकरा सावरली. औषधाची बाराही पडली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन काचघर बाईंकडे कायम झाले, लंगडीस खिडकी इनाम मिळाली, आणि माळीकाकांचे नाव शोधनिबंधात आभारांत नव्हे, लेखकांत दाखल झाले. वर्तमान घडल्याबरहुकूम नोंदिले. लंगडी अद्याप वाकडीच आहे.