शुक्रवारच्या बाजाराचा पुरावा

रुचिकाने आजीचं नाव ऑनलाइन ज्ञानकोशात घातलं आणि चहा उकळेपर्यंत कुणीतरी ते काढूनही टाकलं. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं असला तो ज्ञानकोश. आर्वीकडच्या त्यांच्या गावाचं त्यात एक पान होतं. शुक्रवारचा बाजार नानाजी शेठनी सुरू केला, असं शेठच्या नातवाने, स्वप्निलने, त्यावर लिहून ठेवलं होतं. खरं तर कापसाच्या जिनिंग गिरणीच्या भिंतीशी वांगी घेऊन पहिल्यांदा बसली ती रुचिकाची आजी, मनकर्णाबाई. शेठ तेव्हा तिला तिथून उठवायला आले होते.

रुचिका आणि स्वप्निल एकमेकांची वाक्यं पुसत राहिले. शेवटी ज्ञानकोशाचे प्रचालक, म्हणजे असली भांडणं सोडवणारे गृहस्थ, मध्ये पडले. छापील संदर्भ आणा, तोवर दोन्ही नावं बाहेर, असा त्यांनी निकाल दिला.

"आजी, पुरावा मागून राह्यले."

"मी हाओ ना जित्ती! मले इचार म्हना."

"तू चालत नाई. पेपरात छापलेलं पाह्यजे."

"वा रे वा! बाजार म्या बसोला, अन् साक्ष पेपरची?"

रुचिकाला राग आला आणि रडूही. आजीच्या डोळ्यांदेखत तिचं नाव तिथे यायलाच हवं होतं. तिने पेपरच्या वार्ताहराला गाठलं.

"बाजार कोनं बसोला, हे बातमी नाई होत, ताई," तो म्हणाला. "सत्कार ठेवा. शाल, नारळ, फोटो. मंग छापतो."

सत्काराला मांडव हवा, माइक हवा. गावात दोन्ही एकाच घरी, ओमप्रकाश शेठकडे. हे स्वप्निलचे वडील. ते इतक्या आनंदाने तयार झाले, की रुचिकाला तिथेच शंका यायला हवी होती. ज्याचा मांडव त्याचं अध्यक्षपद, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. मनकर्णाबाईंच्या खांद्यावर शाल टाकून शेठनी माइक धरला, तो सोडलाच नाही.

"हा बाजार म्हणजे आमच्या बाबूजींची देन! अन् मनकर्णाबाई त्यातल्या जुन्या भाजीवाल्या."

वार्ताहराने तेवढंच टिपलं आणि तो जेवायच्या पंगतीकडे वळला. आजीला बोलायचं होतं, पण तोवर माइक गुंडाळून झाला होता.

बातमी छापून आली. प्रचालकांनी तत्परतेने 'संदर्भ मिळाला, वाद मिटला, आभार' असं लिहिलं, नानाजी शेठचं नाव पक्कं केलं आणि पुढच्या बदलांना पान बंद करून टाकलं.

रुचिका पेपर लपवत होती, तो आजीने ओढून घेतला. फोटोत ओमप्रकाश शेठ अख्खे होते, माइकवालाही अख्खा होता. कडेला नारळ घेणारा नुसता एक हात होता.

"हा माहा हात!" आजी खूश झाली. "खाली काय लिवलं व?"

"आजी, जाऊ दे ना."

"वाच म्हनते ना मी."

"ओमप्रकाश शेठ," रुचिकाने वाचलं, "आणि एक लाभार्थी."

आजीने फोटोकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि पेपर परत दिला.

"मंग हा हात माहा नाई."