रिप्लेत दिसलेला पाइप

चूक तुमची आहे, मालक! वाहिनी तुमची, खुर्ची तुमची, आणि त्या खुर्चीत तोफ आणून बसवलीत तीही तुम्हीच. मग आवाज झाला म्हणून कानावर हात कसले ठेवता?

अठरा वर्षं फुटबॉलचं समालोचन करून त्या माणसाचं नावच 'तोफ' पडलं होतं. एका सकाळी मालकांनी क्रीडा विभागाला कुलूप ठोकलं आणि त्याला सांगितलं, "आजपासून स्थानिक बातम्या वाचायच्या. तीन महिने बघतो. जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार!"

"नव्वद मिनिटं न थांबता बोलणारा माणूस मी! पंधरा मिनिटांच्या बातम्या म्हणजे हातचा मळ!" घरी येऊन तोफ धडाडली.

बायको म्हणाली, "अहो, बातमी बसून सांगतात. उठायचं नाही, ओरडायचं नाही. या वयात दुसरं कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही तुम्हाला!"

मग रोज जेवताना सराव. गटारदुरुस्तीची बातमी वाचता वाचता आवाज असा चढायचा, की सासूबाई पाण्याचा पेला घट्ट धरून बसायच्या. "जावईबापू, गटारच आहे ना ते? मग जिंकलं कोण?"

पण गडी जिद्दीचा! दोन महिने एकोणतीस दिवस त्याने मांडीला चिमटे काढत बातम्या वाचल्या. चेहरा असा, जणू दातदुखीवाला फोटोला बसलाय. उरला एकच दिवस.

त्या दिवशी नव्या पाणीयोजनेचं उद्घाटन थेट दाखवायचं होतं. मंचावर नगराध्यक्ष, समोर रिकाम्या बादल्या घेतलेला अर्धा गाव. आणि ऐन वेळी तिथल्या वार्ताहराचा आवाजच गेला! चित्र चालू, आवाज बंद.

तोफेच्या कानात निर्मातीबाई किंचाळल्या, "बोलत राहा! चित्र बघा आणि बोला!"

अरे, हे कुणाला सांगताय? वाघाला म्हणायचं, जरा मटण चाखून बघ!

"नगराध्यक्ष पुढे सरसावलेत! नळाच्या चाकाला हात घातलाय! एक फेरा... दोन फेरे... नळाकडे सगळ्यांचे डोळे... आणि... आणि... काहीच नाही! कोरडा! ठणठणीत कोरडा!" तोफ खुर्चीवरून उठली. "अभियंते मैदानात उतरलेत! त्यांनी नळाला थोबाडीत मारलीय! नळ ढिम्म! नगराध्यक्ष अभियंत्यांकडे बघतायत, अभियंते आभाळाकडे!"

"बसा!" कानात बाई. "जाहिरात लावतेय! एवढं वाक्य संपवा!"

वाक्य संपवायचं म्हणजे कसं, हे अठरा वर्षांच्या सवयीने जिभेनेच ठरवलं. "चला, हाच क्षण पुन्हा एकदा पाहू या, जरा सावकाश!"

रिप्लेच्या यंत्रावर बसलेला काकाही जुन्या क्रीडा विभागातलाच. त्याने असा हुकूम अठरा वर्षं ऐकलेला. बोटानं डोक्याला विचारलंच नाही, बटण दाबलं!

टीव्हीसमोर बसलेल्या उरलेल्या गावाने पाहिलं. चाक संथपणे फिरतंय, मघाशी झर्रकन फिरलेला कॅमेरा आता हळूहळू नळावरून पाइपावर, पाइपावरून मंचाच्या मागे जातोय... आणि तिथे हातभर गवतात पाइप संपलाय! पुढे कशालाच जोडलेला नाही! पलीकडे एक बकरी त्याच्या तोंडात डोकावून बघतेय.

"बघा, बघा!" तोफ गरजली. "पहिल्यापासून मैदानात पाइप एकटाच होता!"

घरी सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. बायकोने कपाळाला हात लावला. "गेली नोकरी!"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आलीच. कारण काय लिहिलं? "वृत्तनिवेदकाला न शोभणारा उत्साह."

मान्य, मालक. उत्साह जास्त झाला. खुर्चीवरून उठला, तेही चुकलं. पण एका माणसाची भाकरी काढून घेतलीत, तर गावाला एवढं तरी सांगा. गवतात पाइप सोडून जाणारा तो कंत्राटदार तुमचा सख्खा मेव्हणा आहे की नाही? हो किंवा नाही, एका शब्दात बोला!