गिरणीतली म्हातारी

लाईट गेली की खूश होणारा गिरणीवाला मी जन्मात एकच पाहिला. डिंगोऱ्याचे धोंडूभाऊ. पट्टा थांबला की बाकीचे गिरणीवाले लाईटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरतात. हे मात्र हात झटकायचे, भुवयांवरचं पीठ पुसायचे आणि म्हणायचे, "बसा मंडळी. लई दिसांनी येळ घावला." लई दिसांनी कसला, कालच तर चार तास लाईट नव्हती!

भारनियमनाची वर्षं होती ती. बायका डब्यांवर बसायच्या, पोरं पोत्यांवर, म्हातारे दाराशी. धोंडूभाऊ कोनाड्यातून एक जाडजूड कादंबरी काढायचे. कव्हर केव्हाच गेलेलं, म्हणून गावात तिचं नाव नुसतं 'गिरणीचं पुस्तक'. एक राक्षस अख्ख्या गावाचा आवाज चोरून नेतो आणि चंदर नावाचं कुंभाराचं पोरगं तो परत आणायला सात डोंगर ओलांडतं, अशी गोष्ट. राक्षसाचा आवाज भाऊ रिकाम्या डब्यात तोंड घालून काढायचे. पोरं किंचाळायची. नव्वदीची हौसाआजीही किंचाळायची, आणि नंतर कुणी हसलं तर शिव्या द्यायची.

मी तिथल्या शाळेत मास्तर. पहिल्यांदा बाजरी घेऊन गेलो तेव्हा घाईत होतो. मध्येच लाईट आली. मी म्हटलं, "भाऊ, लाईट आली."

"आली तर आली. पोरगं दरीत लटाकलंय गुरुजी. तसंच सोडू व्हय त्याला?"

बाजरी दुसऱ्या दिवशी मिळाली. मी घरी येऊन या माणसाच्या नावानं बोटं मोडली. आणि तिसऱ्या दिवशी, खोटं कशाला बोलू, घरात पीठ असताना शेरभर ज्वारी घेऊन पुन्हा गेलो. पोरगं दरीतून वर आलं का, हे कळल्याशिवाय झोप लागेना!

सगळ्यांचा जीव मात्र तिसऱ्या डोंगरावरच्या म्हातारीवर. सात दिवस चालून दमलेला चंदर तिच्या खोपटाशी येतो. ती त्याला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. नाचणीची भाकरी अन् लसणाची चटणी पुढ्यात ठेवते आणि म्हणते, "आधी खा. राक्षस कुटं पळून चाललाय?" इथं धोंडूभाऊंचा आवाज एकदम मऊ व्हायचा. एरवी कुणाशी दोन शब्द गोड न बोलणारा माणूस! बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गिरणीच्या मागच्या खोलीत एकटाच राहायचा.

मग पेपरात आलं की या कादंबरीवर पिक्चर निघालाय आणि जुन्नरला लागणार आहे. महिनाभर भाऊंचं एकच चाललं होतं: "म्हातारीचं काम कुणी केलंय, ते बघायचं मला." गावच्या जत्रेलाही बंद नसलेली गिरणी त्यांनी त्या दिवशी बंद ठेवली. एका जीपमध्ये आम्ही एकोणीस जण कोंबलो. भाऊंच्या अंगात परीटघडीचा सदरा. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

पिक्चर झकपक होता. धूर, आग, नाचगाणी, काही विचारू नका. तिसरा डोंगर आला, भाऊ खुर्चीच्या टोकाला सरकले, आणि पडद्यावरच्या चंदरनं एका उडीत चौथा डोंगर गाठला.

"अरं थांबा! म्हातारी ऱ्हायली!" भाऊ उभे राहून ओरडले. बॅटरीवाला धावत आला. मी म्हटलं, "मध्यंतरानंतर दाखवतील." कसलं काय.

येताना जीपमध्ये हौसाआजी म्हणाली, "राक्षस लई बारका व्हता, बाई. आपल्या गिरणीतला केवढा थोरला!" पोरांनी माना डोलावल्या. त्या पिक्चरचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याही पेपरात वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पुस्तक घेऊन माझ्या दारात उभे. "गुरुजी, पिक्चरवाल्यांना पत्र लिवा. म्हातारी गाळली ती गाळली कशी? पान नंबर टाका, म्हंजी त्यांची बोलती बंद."

पान शोधायला बसलो. तिसऱ्या डोंगरापाशी एकच ओळ: सात दिवस चालून चंदर डोंगरमाथ्यावर पोचला. पुढे थेट चौथा डोंगर. पान फाटलं असेल म्हणून आकडे पाहिले, ते नीट लागत होते. रात्रभर जागून अख्खं पुस्तक पहिल्यापासून वाचून काढलं. म्हातारी नव्हतीच! भाऊ त्या जागी पुस्तकात बघत नसणार. आमच्या कधी ध्यानात आलं नाही. गोष्ट रंगलेली असताना वाचणाऱ्याचे डोळे कोण बघतो?

सकाळी गिरणीत जाऊन सांगितलं तेव्हा भाऊंनी पुस्तक हिसकावून घेतलं. उलटं चाळलं, सुलटं चाळलं. मग पोत्यावर बसले.

"इसरलोच व्हतो मी," ते म्हणाले. "आमची ही, तिचं म्हायेर तळेघर. तिला वाचता येत न्हवतं. मी वाचायचो, ही भाकरी थापायची. सात दिस चालला म्हनलं तर हिचा हात थांबला. 'आन् खाल्लं काय पोरानं?' मी म्हनलं, लिवल्यालं न्हाई. तर म्हनली, लिवनारा बापई माणूसच असंल! आन् म्हातारी हिनंच घातली. पुढं दर बारीला तेवढं तीच सांगायची." मग पुस्तकावरचं पीठ पुसत म्हणाले, "म्हंजी ती कुटंच न्हाई की, गुरुजी. आन् मी तिला बघाया जुन्नरला गेलतो."

पत्रासाठी आणलेला कोरा कागद मी घडी करून खिशात ठेवला.

दुपारी लाईट गेली. मंडळी जमली. भाऊ वाचायला लागले. तिसऱ्या डोंगरावर म्हातारीनं भाकरी वाढली ती कशीबशी, आणि भाऊंचं बोट त्या एकाच ओळीवर थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगून टाकतो.

तेवढ्यात हौसाआजी म्हणाली, "आरं धोंडू, पर म्होरं अजून चार डोंगर हायती. पोरगं वाटंत काय खाईल?"

कुणाला हे आजवर सुचलंच नव्हतं. भाऊंनी आजीकडे पाहिलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"बांधून दिल्या की आजी," ते म्हणाले. "चार भाकरी दिल्या तिनं. फडक्यात."